येते म्हणा, मग केबल काढा!

ई-रीडर कॉम्प्युटरला जोडायला दहा सेकंद लागतात आणि ओढून काढायला फक्त एक. त्या एका सेकंदाने लातूरच्या आमच्या घरात काय गोंधळ घातला, त्याची ही गोष्ट. तुमच्या घरात तो होऊ नये म्हणून थोडं शहाणपणही. उसनं नाही बरं का, चांगलं ठेच लागून आलेलं!

मराठी घरातून पाहुणा निघतो कसा, हे कधी नीट पाहिलंय? साडेसातला तो म्हणतो, "चला, निघतो आता." मग चहा होतो. आठला चपला शोधल्या जातात. सव्वाआठला दारात उभं राहून खऱ्या गप्पा सुरू होतात. मग आत कुणाला तरी आठवतं की लोणच्याची बरणी द्यायची राहिली. आणि शेवटी निघताना "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं. जातो म्हटलं की आजी डोळे वटारणार!

निरोप घ्यायला पाऊण तास लावणारी आपण माणसं. पण कॉम्प्युटरला जोडलेली केबल? खस्सकन ओढायची, बॅगेत कोंबायची आणि चालू पडायचं. पेनड्राइव्ह असो, मोबाइल असो, कॅमेरा असो. कोपऱ्यातलं ते 'सेफली रिमूव्ह'चं बारकं चिन्ह म्हणजे विमानातल्या सुरक्षा सूचना. सगळ्यांना माहीत असतं, ऐकत कुणीच नाही.

मीही नव्हते ऐकत. गेल्या येळवसेपर्यंत.

अण्णा, त्यांचं रजिस्टर आणि ते करड्या रंगाचं यंत्र

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या लातूरकडचा हा सण पुण्या-मुंबईच्या मित्रांना समजावून सांगताना माझा अर्धा लंच टाइम जातो. शेतात जायचं, कोपीत पूजा करायची, भज्जी आणि अंबिलीवर ताव मारायचा. त्या दिवशी आख्खं शहर शेतात असतं. गंजगोलाईला मिळणाऱ्या सोळाच्या सोळा रस्त्यांवर शुकशुकाट! या एका सणासाठी मी बॉसपुढे वाट्टेल ती थाप मारते. आता फ्रीलान्सर असल्यामुळे बॉसही मीच, म्हणून स्वतःलाच मारते.

तर अण्णा. म्हणजे माझे वडील. हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचे, आता रिटायर्ड. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर छापील पुस्तकाचा बारीक टाइप त्यांना जड जायला लागला, म्हणून तीन वर्षांपूर्वी मी त्यांना ई-रीडर घेऊन दिला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात यंत्राचा काडीचा दोष नव्हता. सुरुवातीला अण्णांनी त्याला "पाटी" म्हणून हिणवलं. मग एके दिवशी अक्षर बोटाने मोठं करता येतं हे त्यांना कळलं, आणि पाटी उशाशी जाऊन बसली.

मी घरी गेले की माझं ठरलेलं काम असायचं. मराठी विकिस्रोतासारख्या ठिकाणांहून जुनी, कॉपीराइट संपलेली पुस्तकं उतरवून घ्यायची आणि केबलने यंत्रात भरायची. अण्णा ती वाचायचे आणि वाचता वाचता ओळी हायलाइट करायचे. कसल्या? तर आमच्याकडे बोलले जाणारे, पण आता ऐकू येईनासे झालेले शब्द ज्या ओळींत सापडतील त्या. माळवं, कोरड्यास, असले शब्द. अण्णांची आई बोलायची ते. प्रत्येक शब्दाचा अर्थ आणि आजी तो कुठल्या प्रसंगी वापरायची, हे अण्णा एका जाड रजिस्टरमध्ये लिहायचे. पण तो शब्द कुठल्या पुस्तकात, कुठल्या ओळीत भेटला, हे मात्र यंत्रातच. रजिस्टरमध्ये फक्त नंबर असायचा.

थोडक्यात, अर्धा कोश वहीत, अर्धा यंत्रात. ६०० च्या वर शब्द. तीन वर्षांचं काम.

साडेनऊची ट्रॅव्हल्स

येळवसेच्या दुसऱ्या दिवशी, रात्री साडेनऊला पुण्याची ट्रॅव्हल्स होती. नऊला अण्णा म्हणाले, "माय, त्या ओळींची प्रिंट काढून देतीस का? वहीत चिकटवून टाकतो." हायलाइट केलेल्या ओळी त्यांच्या यंत्रात एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये साठायच्या. मी म्हटलं, हात्तिच्या, पाच मिनिटांचं काम!

लॅपटॉप उघडला, केबल जोडली. आधी चाळीसेक नवी पुस्तकं कॉपीला टाकली. एकीकडे ती नोंदींची फाइल उघडली, त्यातल्या दोनदा आलेल्या ओळी उडवल्या, तारखा उडवल्या, छान साफसूफ केली आणि सेव्ह दाबलं. कॉपीची हिरवी पट्टी भरून गायब झाली. इकडे आई शेंगाची पोळी डब्यात भरतेय, तिकडे ऑटोवाला हॉर्न वाजवतोय.

"झालं का गं?" अण्णांनी विचारलं.

"झालं अण्णा!" म्हणत मी केबल ओढली, यंत्र पलंगावर टाकलं आणि पळाले. प्रिंट पुण्याहून कुरियर करते म्हणाले. पण फाइल स्वतःकडे कॉपी केली होती का? नाही. यंत्रातलीच उघडली होती, यंत्रातच सेव्ह केली होती. आणि दारात "येते" म्हणायचंही राहिलं.

सकाळी सात वाजता स्वारगेटला उतरतेय तोच फोन. "माय, माझ्या ओळी दिसंनात."

हिरवी पट्टी खोटं बोलते

मी काय केलं होतं, हे मला हिंजवडीत काम करणाऱ्या मैत्रिणीने समजावलं. ती आमच्याच गल्लीतली, त्यामुळे तिने कॉम्प्युटरची भाषा न वापरता लातूरची भाषा वापरली. टँकरची!

२०१६ चा उन्हाळा कुठला लातूरकर विसरेल? १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे शहरात आली, १० वाघिणी, साधारण ५ लाख लिटर पाणी घेऊन. त्या दिवसांत टँकर गल्लीत आला की काय व्हायचं आठवा. टँकरची मोटार बंद झाली तरी पाणी लगेच थांबायचं नाही. पाइपातलं पाणी ड्रममध्ये पडत राहायचं. घाई करून कुणी पाइप ओढला की तेवढं पाणी मातीत. आणि दुसरं म्हणजे वही. कुठल्या घरी किती ड्रम दिले याची नोंद ड्रम भरल्यावर, सगळ्यात शेवटी व्हायची. नोंद व्हायच्या आत टँकर निघाला की पाणी मिळूनही हिशेबात घोळ.

कॉम्प्युटर अगदी हेच करतो. यूएसबीने जोडलेल्या यंत्रात लिहिणं हे त्याच्या मानाने फार हळू काम. म्हणून तो तुम्ही दिलेला मजकूर आधी स्वतःच्या मेमरीत ठेवतो, तुम्हाला म्हणतो "झालं हं!", आणि मग सवडीने मागच्या दाराने यंत्रात लिहीत बसतो. याला म्हणतात राइट कॅशिंग. म्हणजे पट्टी भरली, तरी पाइपात पाणी असू शकतं.

आणि वही? ती पण असते. बऱ्याच ई-रीडरची साठवण पेनड्राइव्हसारखीच, 'फॅट ३२' नावाच्या पद्धतीची असते. त्यात कुठली फाइल कुठल्या कप्प्यांत आहे याचा एक तक्ता असतो. मजकूर लिहिला गेला पण तक्त्यात नोंद व्हायच्या आत केबल सुटली, तर मजकूर असतो पण सापडत नाही. किंवा तक्त्यात नाव असतं आणि आत शून्य. अण्णांच्या फाइलचं नेमकं हेच झालं होतं. नाव जागेवर, साइज शून्य.

'सेफली रिमूव्ह' किंवा 'इजेक्ट' दाबलं की कॉम्प्युटर तीन कामं करतो. पाइपातलं सगळं पाणी ड्रममध्ये रिकामं करतो, वही पूर्ण करून मिटवतो, आणि कुठला प्रोग्रॅम अजून त्या यंत्रातली फाइल धरून बसलाय का, ते बघतो. बसला असेल तर तुम्हाला सांगतो, "थांबा." एवढंच ते. बहुतेक वेळा दोन-चार सेकंदांचं काम. दारातल्या पाहुण्याच्या पाव टक्काही नाही!

मग यूएसबी ओढायलाच बनवलंय ना?

हा प्रश्न मीही मैत्रिणीला तावातावाने विचारला. उत्तर मजेशीर आहे.

यूएसबी आलं १९९६ साली. ते घडवणाऱ्या इंटेलच्या टीममधलं मोठं नाव म्हणजे अजय भट्ट. आपल्या शेजारच्या बडोद्याचे, तिथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. त्याआधी कॉम्प्युटरला काहीही जोडायचं म्हणजे मशीन बंद करा, जोडा, पुन्हा चालू करा, असा सोहळा असायचा. यूएसबीने तो संपवला. चालू मशीनला जोडा, चालू मशीनमधून काढा. त्या चपट्या पिनेच्या आत डोकावलात तर दिसेल, चारपैकी कडेच्या दोन पट्ट्या, म्हणजे वीज नेणाऱ्या, मधल्या दोन डेटावाल्या पट्ट्यांपेक्षा लांब असतात. त्यामुळे जोडताना वीज आधी पोचते आणि काढताना सगळ्यात शेवटी तुटते. यंत्राला झटका बसू नये म्हणून केलेली ही सोय.

(सुरुवात मात्र दणक्यात झाली होती. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या एका प्रदर्शनात बिल गेट्स विंडोज ९८ दाखवत होते. स्टेजवर सहकाऱ्याने यूएसबीने स्कॅनर जोडला आणि सगळ्या जगासमोर निळा स्क्रीन!)

म्हणजे केबल ओढल्याने यंत्र बिघडत नाही, हे खरंय. बिघडतो तो आतला मजकूर. वायरची काळजी अजय भट्टांच्या टीमने घेतली, पण अण्णांच्या ओळींची काळजी मीच घ्यायला हवी होती.

खरं तर आमच्या लातूरच्या पोरांना हे कळायला हवं. आमचं लहानपण भारनियमनात गेलंय. कॉम्प्युटरवर काही टाइप करावं आणि खट्कन लाइट जावी. परत आली की काळ्या पडद्यावर डिस्क तपासणीचे आकडे पळत राहायचे आणि आपण देवाचं नाव घेत बसायचं. तेव्हा निदान दोष वीज मंडळाला देता यायचा. इथे लाइट घालवणारी मीच!

"फॉरमॅट मारून देतो"

आता गोष्टीतला सगळ्यात भीतीदायक भाग. मी पुण्यात. अण्णांना कुठे धीर धरवतोय? ते यंत्र पिशवीत घालून सरळ बाजारातल्या एका मोबाइल दुकानात गेले. दुकानदाराने ते कॉम्प्युटरला लावलं. स्क्रीनवर आलं की ड्राइव्हमध्ये गडबड आहे. तो अगदी मनापासून, मदत म्हणून म्हणाला, "काका, फॉरमॅट मारून देतो. २०० रुपये. एकदम नव्यासारखं होईल."

अण्णांनी आयुष्यभर मराठी शिकवलंय. त्यांना 'फॉरमॅट' कळलं नाही, पण 'मारून' बरोबर कळलं. त्यांनी मला फोन लावला. मी ट्रॅफिकमध्ये स्कूटर बाजूला घेऊन ओरडले, "अण्णा, काही करू देऊ नका! यंत्र बंद करा आणि घरी या!"

मंडळी, या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. फाइल गायब झाली की त्या यंत्रात नवं काहीही लिहायचं नाही. नवीन पुस्तक नाही, रीसेट नाही, फॉरमॅट तर मुळीच नाही. तक्त्यातून नाव गेलेला मजकूर कप्प्यांत तसाच पडून असू शकतो. नवं काही लिहिलं की ते त्याच्यावर जाऊन बसणार, आणि मग खरंच संपलं.

शनिवारी मी पुन्हा ट्रॅव्हल्समध्ये होते. रविवारी सकाळी मी, लॅपटॉप, व्हिडिओ कॉलवर हिंजवडी आणि मागे खुर्चीत गप्प बसलेले अण्णा. आधी यंत्रात जे काही दिसत होतं ते सगळं लॅपटॉपवर कॉपी करून घेतलं. मग विंडोजची डिस्क तपासणी चालवली. ती बेवारस तुकडे गोळा करते आणि 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. हा फोल्डर लपलेला असतो, मुद्दाम दिसता करावा लागतो. आत 'सीएचके' आडनावाच्या फाइली. एकेक करून नोटपॅडमध्ये उघडत गेले. कचरा. कचरा. चौकोन चौकोन. कुठल्या तरी पुस्तकाचं मुखपृष्ठ. आणि अकराव्या फाइलमध्ये अचानक सरळ, स्वच्छ देवनागरी.

"थांब," अण्णा मागून म्हणाले. त्यांनी चष्मा लावला आणि पहिली ओळ मोठ्याने वाचली.

साधारण चारशे ओळी मिळाल्या. उरलेल्या नाही मिळाल्या. संध्याकाळपर्यंत मी सात वेळा सॉरी म्हटलं. आठव्या वेळी अण्णा म्हणाले, "असू दे माय. पुस्तकं तर हाईत. परत वाचतो." आता तुम्हीच सांगा, यापेक्षा एक थोबाडीत परवडली नसती का?

"पण आता त्याची गरज नाही म्हणे!"

तुमच्या ऑफिसमधला एखादा टेक्नोसॅव्ही हिरो हे नक्की म्हणणार. त्याचं अर्धं बरोबर आहे, म्हणून त्याचंही ऐकून घेऊ.

एक. ऑक्टोबर २०१८ मधल्या विंडोज १० च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हसाठी 'क्विक रिमूव्हल' ही सेटिंग आपणहून चालू ठेवायला सुरुवात केली. त्यात कॉम्प्युटर मजकूर मेमरीत साठवून ठेवत नाही, जमेल तितका लगेच लिहितो. म्हणजे काम खरंच संपलं असेल तर नुसती केबल काढलीत तरी सहसा निभावतं. मग माझं का नाही निभावलं? कारण "कॉपीचा स्पीड वाढवा" असा एक व्हिडिओ बघून मी स्वतःच 'बेटर परफॉर्मन्स'ची सेटिंग लावून ठेवली होती. अतिशहाणी! शिवाय मॅक आणि लिनक्सवर आजही इजेक्ट करायलाच हवं. मॅक तर तुम्ही नुसती केबल ओढलीत की लगेच टोमणा मारतो, नीट काढलं नाहीत म्हणून.

दोन. नव्या यंत्रांची पद्धत बदलतेय. २०२४ मध्ये आलेली नवी किंडल कॉम्प्युटरला पेनड्राइव्हसारखी दिसत नाहीत, तर अँड्रॉइड फोनसारखी दिसतात. यात कॉम्प्युटरच्या हाती वही देतच नाहीत. तो नुसतं सांगतो, ही फाइल ठेव, आणि वही यंत्र स्वतः लिहितं. त्यामुळे आख्खा तक्ता बिघडायची भीती कमी. पण फाइल चालू असताना केबल ओढलीत तर ती फाइल अर्धीच राहणार, हे तिथेही आहेच.

तीन. आता सगळं वाय-फायने येतं, केबल हवी कशाला? दुकानातून घेतलेल्या पुस्तकांपुरतं हे खरंय. किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून मिळतात, ती हवेतूनच येतात. उलट २६ फेब्रुवारी २०२५ पासून ॲमेझॉनने विकत घेतलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून केबलने भरायची सोयच बंद केली. पण स्वतःजवळच्या फाइली आजही केबलने भरता येतात. आणि गंमत अशी, की अशा केबलने भरलेल्या पुस्तकांतल्या तुमच्या खुणा कंपनीच्या सर्व्हरवर जात नाहीत. त्या फक्त त्या यंत्रात असतात. अण्णांच्या होत्या तशा. म्हणजे जिथे केबल लागते, तिथेच मजकुराची दुसरी प्रत नसते!

याच केबलवरून एक भारी गोष्ट. २००६ साली सोनीचा एक ई-रीडर आला, पण तो लिनक्सवर चालेना. अमेरिकेत कॅलटेकमध्ये क्वांटम फिजिक्स शिकणाऱ्या कोविद गोयल या भारतीय विद्यार्थ्याने तो यूएसबीवरून कॉम्प्युटरशी काय बोलतो, हे उलगडत नेलं आणि त्यासाठी स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला. त्याचंच पुढे झालं 'कॅलिबर'. आज जगभरचे पुस्तकवेडे आपली ई-पुस्तकं त्यात लावून ठेवतात, तेही फुकट. हिरवी पट्टी भरली म्हणून खूश होणारी मी कुठे, आणि केबलमधून काय बोलणं चाललंय ते ऐकत बसणारा तो कुठे!

चौकट : निरोपाचे सहा नियम

१. पट्टी भरली की मनात दहा आकडे मोजा. कॉपी झालेलं पुस्तक यंत्रातल्या फोल्डरमध्ये खरंच दिसतंय का, बघा. यंत्रातली एखादी फाइल उघडली असेल तर बंद करा.

२. विंडोज : घड्याळाजवळच्या बाणात यूएसबीचं चिन्ह असतं. त्यावर क्लिक करा, आपलं यंत्र निवडा आणि 'आता काढायला हरकत नाही' असा निरोप येऊ द्या. किंवा 'धिस पीसी'मध्ये यंत्राच्या नावावर राइट क्लिक, मग 'इजेक्ट'. मॅक : फाइंडरमध्ये नावापुढचा बाण दाबा. कॅलिबर : यंत्राच्या चिन्हाशेजारच्या मेनूत इजेक्टचा पर्याय आहे. नव्या पद्धतीच्या यंत्रांना इजेक्टचं चिन्ह दिसेलच असं नाही. तिथे कॉपी पूर्ण होऊ द्या, खिडक्या बंद करा, मग काढा.

३. "यंत्र अजून वापरात आहे" असं आलं तर वैतागून ओढू नका. फोल्डरच्या खिडक्या आणि कॅलिबर बंद करा, मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करा. तरी ऐकत नसेल तर कॉम्प्युटर शट डाउन करा आणि पूर्ण बंद झाल्यावर केबल काढा.

४. नुसतं चार्ज करायचंय? पेनड्राइव्हसारखं दिसणारं किंडल इजेक्ट करा, पण केबल राहू द्या. चार्जिंग चालू राहतं आणि वाचताही येतं. कोबो जोडल्यावर 'कनेक्ट करू का?' विचारतो. चार्जिंगच हवं असेल तर नाही म्हणा.

५. केबल काढल्यावर यंत्र जरा वेळ नवी पुस्तकं लावून घेत असतं. तेवढ्यात पॉवर बटण दाबत बसू नका. त्यालाही घर आवरू द्या.

६. खुणा आणि नोंदींची एक प्रत दर महिन्याला कॉम्प्युटरवर काढून ठेवा. किंडलमध्ये त्या 'माय क्लिपिंग्ज' नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये असतात. कोबोमध्ये त्या लपलेल्या 'कोबो' फोल्डरमधल्या डेटाबेस फाइलमध्ये असतात. आणि त्यात बदल करायचे ते कॉपीत. मूळ फाइलला हात लावायचा नाही. हे मी सांगतेय, म्हणजे विचार करा!

येते हं!

परवा पुन्हा घरी गेले होते. अण्णांच्या रजिस्टरमध्ये आता बदल झालाय. नंबरच्या पुढे पुस्तकाचं नाव आणि अख्खी ओळ, निळ्या शाईत, त्यांच्या वळणदार अक्षरात. हरवलेल्या दोनशेपैकी शंभरेक ओळी त्यांनी पुन्हा वाचून शोधल्यात. "दुसऱ्यांदा वाचताना आणखी सतरा शब्द सापडले की," हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. माझी समजूत काढायला असेल, किंवा खरंच असेल.

निघायच्या दिवशी मी पुस्तकं भरून दिली. केबलकडे हात नेला तर अण्णा म्हणाले, "थांब, मी करतो." शेजारच्या पॉलिटेक्निकच्या पोराकडून शिकून घेतलंय म्हणे. चष्मा सावरत त्यांनी माउस कोपऱ्यात नेला, चिन्ह शोधलं, क्लिक केलं आणि निरोपाचं वाक्य पूर्ण वाचलं. मग केबल काढून, तिची नीट घडी घालून माझ्या हातात दिली. पट्टी भरल्यापासून घडी होईपर्यंत पूर्ण दीड मिनिट. बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. वाजवू दे म्हटलं.

मी चपला घातल्या, डबा घेतला, आणि दारात उभं राहून नीट म्हटलं, "येते अण्णा."

"ये," ते म्हणाले. "आणि पोचल्यावर फोन कर. नुसतं 'झालं' म्हणू नको."